अणू झिजतात, अंश सरकतात

मर्सिडीज-बेंझच्या ओएम ६१७ या जुन्या डिझेल इंजिनाच्या दुरुस्तीपुस्तिकेत व्हॉल्व्हच्या वेळांचा एक तक्ता आहे. इनटेक व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवरून २ मिलिमीटर उचलला गेला, त्या क्षणी क्रँकशाफ्ट किती अंशांवर असायला हवा, एवढाच प्रश्न. पण त्याला उत्तरं दोन छापली आहेत. टायमिंगची साखळी नवी असेल तर पिस्टन वरच्या टोकाला पोचून गेल्यानंतर ११.५ अंश. साखळी सुमारे २०,००० किलोमीटर चाललेली असेल तर १३.५ अंश. ज्यांनी हे इंजिन घडवलं त्यांनीच लिहून ठेवलं आहे की साखळी लांबणार, व्हॉल्व्ह उशिरा उघडणार, आणि पहिला उशीर दोन अंशांचा असेल.

मला या तक्त्याचं फार अप्रूप वाटतं. यंत्राचे आकडे छापायचे तर लोक नव्या यंत्राचे छापतात. इथे झिजेलाही रकाना दिलाय. शिवाय माप तरी किती? वर्तुळाच्या ३६० भागांपैकी दोन. एवढासा फरक टॅपेट कव्हर उघडून, एक पाना आणि शाबूत डोळे असले की गॅरेजच्या दारात बसून वाचता येतो. आणि ज्या झिजेमुळे तो पडतो ती झीज अशी, की साखळीची कुठलीही एक कडी हातात घेऊन भिंगाखाली धरली तरी पटकन दिसू नये.

आधी इंजिनाची थोडी ओळख. ओएम ६१७ हे पाच सिलिंडरचं, तीन लिटरचं. १९७४ मध्ये आलं. बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारगाडीत पाच सिलिंडरचं डिझेल बसण्याची ती पहिलीच वेळ. त्याचं चार सिलिंडरचं भावंड म्हणजे २.४ लिटरचं ओएम ६१६. हे दुसरं नाव महाराष्ट्रातल्या जुन्या मिस्त्रींना परकं नाही, कारण आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, हे इंजिन परवाना घेऊन इथे बनवलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलर या गाड्यांत घातलं. वडापच्या ट्रॅक्समध्ये कोंबून बसून ज्यांनी घाट चढलेत, त्यांच्या पायांपुढे हेच जर्मन घराणं धडधडत असण्याची शक्यता बरीच आहे. स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाची १९७६ ची २४० डी ठेवली आहे, ४६ लाख किलोमीटर धावलेली. अर्थात एकाच इंजिनावर नव्हे. पण गाडीच्या आयुष्याचं माप कुठवर जाऊ शकतं ते यावरून कळावं.

आता साखळीचं काम. पिस्टन हवा ओढतो, दाबतो, जळलेल्या वायूकडून ढकलला जातो आणि धूर बाहेर टाकतो. या चार कामांना क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या लागतात. प्रत्येक व्हॉल्व्ह मात्र या सगळ्यात एकदाच उघडायचा असतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरायला हवा. क्रँकवरच्या चाकाला जितके दाते, त्याच्या दुप्पट कॅमवरच्या चाकाला. दोघांवरून एक साखळी. इतकंच. मिनिटाला २,००० फेऱ्या, म्हणजे रमतगमत चाललेलं इंजिन धरलं तरी प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला जवळजवळ सतरा वेळा उघडून मिटतो. पाच सिलिंडर, प्रत्येकी दोन व्हॉल्व्ह. या सगळ्यांना वेळेवर ठेवणारा दुवा तेवढा एकच.

आणि ‘वेळेवर’ म्हणजे पिस्टन टोकाला पोचला त्या क्षणी, असंही नाही. हवेला वस्तुमान असतं. आत येऊ लागलेली हवा पिस्टन खालच्या टोकाला थांबला म्हणून थांबत नाही, आपल्याच वेगाने आत घुसत राहते. तिचा फायदा घ्यायला इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन पुन्हा वर निघाल्यानंतर मिटवतात. २ मिलिमीटर उचलीवर मोजलं तर ओएम ६१७ मध्ये तो खालच्या टोकानंतर १३.५ अंशांवर मिटत येतो. जुन्या साखळीसाठी १५.५ दिलेत. फार आधी मिटवला तर येऊ घातलेली हवा दाराशीच अडते. फार उशिरा मिटवला तर वर निघालेला पिस्टन आलेली हवा परत इनटेकमध्ये ढकलतो. डिझेल इंजिनाला हे दुसरं विशेष महागात पडतं. तिथे ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटेल. ओएम ६१७ चं दाबाचं प्रमाण २१ ला १ आहे. एका सिलिंडरची सुमारे ६०० घनसेंटिमीटर हवा जेमतेम ३० घनसेंटिमीटरच्या जागेत कोंबली जाते. कॅम मागे पडला, थोडी हवा परत गेली, की दाब उणा, तापमान उणं. मग थंडीतल्या सकाळी स्टार्टर नुसता फिरत राहतो आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो.

या इंजिनात साखळी आणखी एक काम करते. वाटेत ती डिझेल पंपालाही फिरवते. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या २४ अंश आधी पंपाने डिझेल द्यायला सुरुवात करायची असते. साखळी लांबली की पंपही मागे पडतो. हवा उशिरा, डिझेलही उशिरा. चालक फक्त एवढंच सांगतो की गाडीला पूर्वीचा पिकअप राहिला नाही.

साखळी लांबते म्हणजे पोलाद ताणलं जातं, असं वाटणं साहजिक आहे, पण तसं घडत नाही. पट्ट्या होत्या तेवढ्याच लांब राहतात. हान्स रेनॉल्ड नावाचा एक स्विस माणूस मँचेस्टरला येऊन स्थिरावला आणि १८८० मध्ये त्याने जी बुश-रोलर साखळी काढली, तिचीच वंशज आजही सायकलीपासून इंजिनापर्यंत सगळीकडे दिसते. त्याआधीच्या साखळ्यांत पट्टीची कड पातळ रेषेवर पिनवर घासायची. रेनॉल्डने मध्ये एक पोकळ नळी, म्हणजे बुश घातला. पिन बुशमध्ये फिरते, भार तिच्या सबंध लांबीवर पसरतो, आणि बाहेरून रोलर दात्यावर लोळतो. झीज यामुळे प्रचंड कमी झाली, पण ती उरली ती नेमकी पिन आणि बुश यांच्यामध्ये. कडी चाकावर चढताना वाकते, उतरताना सरळ होते. दर वेळी पिन बुशमध्ये काही अंश फिरते. पिन बारीक होते, बुश आतून मोठा होतो, आणि दोन पिनांमधलं अंतर नखाच्या टोकाएवढंही नाही, त्याहून कितीतरी कमी, वाढतं.

किती कमी, त्याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला आणि पेन खाली ठेवलं. गणित सोपं ठेवायला गोल आकडे घेऊ. गाडी तीन लाख किलोमीटर चालली. किलोमीटरमागे क्रँकच्या सरासरी २,००० फेऱ्या, म्हणजे एकूण ६० कोटी. साखळीला १३० कड्या आणि क्रँकच्या चाकाला २० दाते धरले, तर क्रँकच्या साडेसहा फेऱ्यांत साखळीची एक प्रदक्षिणा पुरी होते. प्रदक्षिणा झाल्या सव्वानऊ कोटी. एवढ्या काळात प्रत्येक सांध्यात, समजा, ०.०५ मिलिमीटर झीज झाली. भागाकार करा. एका प्रदक्षिणेला वाट्याला येते ती झीज लोखंडाच्या एका अणूच्या जाडीचा सुमारे साडेचारशेवा हिस्सा.

अणूचा साडेचारशेवा हिस्सा घासून निघू शकत नाही, हे उघडच आहे. याचा खरा अर्थ असा, की साखळी शेकडो वेळा इंजिनभर फिरून येते तेव्हा कुठे एखाद्या पिनवरून सरासरीने एका अणूचा थर जातो. प्रत्यक्षात थर असे शिस्तीत उतरत नाहीत. बहुतेक फेऱ्यांत काहीच होत नाही, कारण पिन आणि बुश यांच्यामध्ये तेलाची पापुद्र्यासारखी साय असते आणि धातू धातूला शिवतच नाही. मग कधीतरी ती साय तुटते, किंवा तेलात तरंगणारा काजळीचा पुंजका दोघांच्या मध्ये सापडतो, आणि एक सूक्ष्म कण सुटतो. डिझेल इंजिनाचं तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं ते या काजळीने. म्हणून ऑइल बदलायला उशीर करणाऱ्याची साखळी आधी जाते. इंजिन घासून काटकसर होते ती नेमकी अशी.

आता गंमत पुढे आहे. ०.०५ मिलिमीटर ही एका सांध्याची गोष्ट झाली. शाळेच्या मैदानावर हातभर अंतर ठेवून उभ्या राहिलेल्या चाळीस मुलांपैकी प्रत्येकाने बोटभर जास्त जागा घेतली, तर शेवटचा मुलगा थेट कुंपणाला टेकतो. साखळीत तसंच होतं. क्रँकपासून कॅमपर्यंतच्या ओढीच्या बाजूला चाळीस सांधे धरले तर बेरीज होते २ मिलिमीटर. अजून एक सूतही नाही. पण कॅमच्या चाकाला ४० दाते असले आणि दोन दात्यांमधलं अंतर ९.५२५ मिलिमीटर, म्हणजे तीन अष्टमांश इंच असलं, तर त्याचा परीघ होतो ३८१ मिलिमीटर. त्यातले २ मिलिमीटर म्हणजे कॅमचे जवळजवळ १.९ अंश. क्रँक दुप्पट फिरतो, त्यामुळे त्याच्या मापात ३.८, चारच धरू. आता क्रँकच्या पुढच्या टोकाला जी जड पुली असते तिचा व्यास १८ सेंटिमीटर असेल, तर तिच्या कडेवर चार अंश म्हणजे सव्वासहा मिलिमीटर. चांगले दोन सूत!

भिंगालाही न दिसणारी झीज पुलीच्या कडेवर सव्वाशे पट मोठी होऊन समोर आली, आणि मध्ये ना सूक्ष्मदर्शक, ना संगणक. साखळीने बेरीज केली, दोन चाकांच्या प्रमाणाने दुप्पट केली, पुलीच्या त्रिज्येने ती डोळ्यांपुढे पसरली. इंजिन चालवायला बांधलेले भागच त्याची झीज मोजायचं उपकरण होऊन बसले आहेत. कुणी तसा हेतू धरला नव्हता, एवढंच.

इथे टेन्शनरबद्दल बोलायला हवं, कारण गैरसमज बहुतेक त्याच्यापाशीच होतो. साखळी सैल पडली की टेन्शनर ती ताणून धरतो, स्प्रिंगच्या आणि तेलाच्या दाबाने. मग प्रश्नच काय उरला? उरतो तो असा. साखळीच्या दोन बाजू असतात. क्रँक एका बाजूने ओढतो. ती बाजू कायम ताठ असते. दुसऱ्या बाजूने साखळी परत वर जाते. ती सैल असते. टेन्शनर या सैल बाजूवर बसवलेला असतो, आणि तिथेच बसवावा लागतो. तो सैलपणा खातो. पण ओढीची बाजू लांबली, तिचं तो काहीही करू शकत नाही. कॅम मागे पडायचा तेवढा पडलाच. उलट टेन्शनर चांगला असेल तर साखळी मुळीच आवाज करत नाही, आणि इंजिन शांतपणे, सभ्यपणे सहा-सात अंश मागे चालत राहतं.

म्हणून आवाज आणि अंश या दोन साक्षी वेगळ्या घ्यायच्या. सकाळी चालू करताच दोन-तीन सेकंद खडखडाट झाला आणि थांबला, तर तेलाचा दाब टेन्शनरपर्यंत पोचेतो साखळी गाइडवर, म्हणजे तिला वाटेवर ठेवणाऱ्या पट्टीवर, आपटते आहे असं समजावं. दोष टेन्शनरचा असेल, गाइडचा असेल, साखळीचाही असेल. मोटारसायकलवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. ‘टायमिंग चेन वाजते’ हे वाक्य गल्लीतल्या गॅरेजात रोज ऐकू येतं. पण आवाज नाही म्हणजे साखळी ठणठणीत, हा निष्कर्ष मात्र चुकीचा. त्यासाठी खुणाच पाहायला हव्यात.

ओएम ६१७ वर पाहणी अशी होते. बॅटरी सोडवायची, टॅपेट कव्हर काढायचं. कॅमच्या चाकामागे एक जाड वॉशर असतो, त्यावर खाच. तिच्यासमोर कॅमच्या पहिल्या बेअरिंगच्या खांबावर उंचवट्याची एक रेघ. खाली क्रँकच्या पुलीवर अंशांच्या रेघा, आणि इंजिनावर पक्का केलेला एक काटा. हीटर प्लग काढून ठेवले तर दाब निघून जातो आणि इंजिन हाताने सहज फिरतं. क्रँकच्या बोल्टला २७ चा बॉक्स पाना लावायचा आणि समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे इंजिन नेहमी फिरतं त्याच दिशेने, सावकाश फिरवायचं. वरची खाच रेघेसमोर आली की थांबायचं. मग खाली वाकून काटा किती अंशांवर आहे ते वाचायचं. शून्य असेल तर साखळी नव्यासारखी. शून्याच्या पुढे चार असेल तर साखळीमुळे कॅम चार अंश मागे आहे.

फिरवताना खाच रेघेच्या जरा पुढे गेली तर? हात आपोआप उलटा फिरतो, ‘थोडं मागे घेतो’ म्हणून. तेच करायचं नाही. क्रँक उलटा फिरवला की ओढीची बाजू सैल होते आणि सैल बाजू ताठ. मग काट्यावर दिसणारा आकडा साखळीच्या झिजेचा राहत नाही, तो तुमच्या हाताचा होतो. खाच चुकली तर पुन्हा दोन फेऱ्या पुढेच फिरवायचं. दोन, कारण कॅम निम्म्या वेगाने फिरतो. मन लावून काम करणारा मिस्त्री आणि उरकणारा मिस्त्री यांच्यातला फरक मला या दोन फेऱ्यांत दिसतो.

दुसरी अडचण डोळ्यांची. खाच आणि रेघ एका पातळीत नाहीत, त्यांच्यात थोडं अंतर आहे. डोकं चार बोटं इकडेतिकडे केलं की खाच सरकल्यासारखी वाटते. कॅमवर अर्ध्या अंशाची चूक क्रँकवर एक अंश होऊन बसते. त्यामुळे ही पद्धत अंदाजाची. साखळी बरी आहे की संपली, एवढं सांगायला पुरते.

नेमकं हवं असेल तर २ मिलिमीटरची पद्धत. पहिल्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हची टॅपेटची फट शून्य करायची, त्याच्या स्प्रिंगच्या टोपीवर डायल गेजची सुई टेकवायची, आणि क्रँक पुढे फिरवत राहायचं. गेजवर २.०० आलं की थांबायचं, खाली अंश वाचायचे. पुस्तिकेतले ११.५ आणि १३.५ हे याच पद्धतीचे आकडे.

आता, दोनच मिलिमीटर का? व्हॉल्व्ह उघडायला लागतो तो क्षणच का धरत नाहीत? कारण तो क्षण सापडत नाही. कॅमचं नाक व्हॉल्व्हला एकदम धक्का देत नाही. दिला असता तर सेकंदाला सतरा धक्क्यांनी सगळं फुटून गेलं असतं. सुरुवातीला उचल इतकी हळू होते, की क्रँक कित्येक अंश फिरला तरी सुई जेमतेम हलते. व्हॉल्व्ह ‘उघडला’ कुठे म्हणायचं यावर दोन माणसांत दहा अंशांचं भांडण होऊ शकतं. पण २ मिलिमीटरपाशी कॅमचा चढ खडा असतो. तिथे क्रँक अंशभर सरकला तरी सुई स्पष्ट सरकते. ज्या जागी उचल सर्वांत जलद बदलते त्याच्या आसपास मोजा, म्हणजे उचलीच्या मोजणीतली बारीक चूक अंशांत फार दिसत नाही. अमेरिकेत कॅम घासून बनवणारे लोक याच कारणासाठी ०.०५० इंच उचलीवर मोजतात. आकडा निराळा, युक्ती तीच.

झीज वाढत गेली तर शेवट काय, तेही सांगायला हवं. कॅमच्या चाकाला ४० दाते असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. साखळी हळूहळू लांबून एवढी मागे पडत नाही. त्याआधीच टेन्शनरचा पल्ला संपतो, सैल बाजू फडफडते आणि एखाद्या क्षणी साखळी दात्यावरून उडी मारते. एक उडी, एकदम १८ अंश. डिझेलमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर जागा जवळजवळ नसतेच. तिथे व्हॉल्व्ह उघडा सापडला तर पिस्टन त्याच्यावर आदळतो. वाकलेले व्हॉल्व्ह, तुटलेले रॉकर, कधी पिस्टनला भोक. याआधीचे सहा-सात अंश म्हणजे त्या दिवसाची आगाऊ सूचना.

नव्या गाड्यांत ही पाहणी इंजिन स्वतःच करतं, अखंड. क्रँकवर दात्यांची चकती असते. पुष्कळ इंजिनांत साठ दात्यांची जागा आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. दर दात ६ अंश, आणि गाळलेली जागा म्हणजे फेरी कुठे सुरू झाली त्याची खूण. कॅमवर वेगळा सेन्सर. संगणक दोन्हींच्या ठोक्यांमधलं अंतर दर फेरीला ताडून पाहतो आणि ते ठरल्या मर्यादेबाहेर गेलं की पी००१६ हा कोड नोंदवून डॅशबोर्डवर दिवा लावतो. खुणा, काटा आणि वाकलेली पाठ, सगळं त्या दोन सेन्सरांत आलं. पण पी००१६ दिसला की साखळीच गेली असं धरून इंजिन उघडायला बसू नये. आजकाल कॅम पुढेमागे करणारी यंत्रणाही तेलाच्या दाबावर चालते. तिची झडप घाणीने अडकली, तेल कमी पडलं, सेन्सर बिघडला किंवा त्याची तार खराब झाली, तरी कोड तोच येतो. कोड फक्त म्हणतो की क्रँक आणि कॅम यांचं जुळत नाही. का जुळत नाही, हे माणसालाच शोधावं लागतं.

परत जुन्या मर्सिडीजकडे. मागे पडलेल्या कॅमवर तिथे एक फार हुशार उपाय आहे. कॅमशाफ्ट आणि त्याचं चाक यांच्यामध्ये पोलादाची एक छोटी अर्धचंद्राकृती चावी असते. गॅरेजात तिला हाफमून म्हणतात. ही चावी सरळ असते. तिच्या जागी मधोमध पायरी पाडलेली चावी बसवायची: अर्धी कॅममध्ये, अर्धी थोडी सरकून चाकात. चाक जिथे आहे तिथेच राहतं, कॅम मात्र पुढे फिरतो. ०.७ पासून १.३ मिलिमीटरपर्यंतच्या पायऱ्यांच्या चाव्या होत्या आणि त्या क्रँकच्या मापात चारपासून दहा अंशांपर्यंतचा उशीर भरून काढायच्या. १.३ मिलिमीटरची पायरी आणि दहा अंश! कॅमच्या टोकाची त्रिज्या लहान, म्हणून एवढ्याशा सरकण्यात एवढा कोन. पंपाची वेळ वेगळी लावावी लागते. पंपाचे नट ढिले करून तो अंगाने किंचित फिरवायचा आणि जुन्या पद्धतीत त्याच्या नळीच्या टोकाशी डिझेलचे थेंब पाहत बसायचं. सेकंदाला एक थेंब पडू लागला की तो बिंदू मिळाला.

चावी मला आवडते, पण तिच्यावर माझा भरवसा मर्यादित आहे. ती कॅमची वेळ सुधारते. साखळी आहे तेवढीच लांब राहते. टेन्शनरचा खर्च झालेला पल्ला परत मिळत नाही. चार-पाच अंशांना ठीक. त्यापलीकडे नवी साखळी घालणंच शहाणपणाचं.

आणि ती घालायची रीत पाहण्यासारखी आहे. या इंजिनात दुहेरी साखळी बंद कव्हराच्या आत, खाली क्रँकपर्यंत गेलेली. पुढचं सगळं इंजिन खोलावं लागेल असं वाटतं. तसं काही करत नाहीत. टेन्शनर बाहेर काढतात. इंजिनाच्या तोंडात चिंध्या कोंबतात, म्हणजे लोखंडाचा कीस आत पडू नये. मग वर, कॅमच्या चाकावर, जुन्या साखळीची एक पिन ग्राइंडरने घासून तोडतात आणि त्या तुटल्या टोकाला नवी साखळी जोडतात. आता एक माणूस खालून क्रँक फिरवतो, सावकाश, पुढच्याच दिशेने. दुसरा वरून नवी साखळी आत सोडत जातो आणि बाहेर येणारी जुनी ताणून धरतो. साखळी कॅमच्या चाकावरून क्षणभरही उचलली जाता कामा नये. उचलली तर दात सुटला, आणि खाली क्रँकपाशी काय झालंय ते वरून दिसत नाही. बऱ्याच जणांकडून याच ठिकाणी घाई होते. जुनी साखळी पुरी बाहेर आली की नवीची दोन टोकं जुळवून पिन रिव्हेट करतात.

जुनी आणि नवी साखळी शेजारी शेजारी फरशीवर ताणून ठेवली तर एकीचं टोक दुसरीच्या थोडं पुढे गेलेलं दिसतं. सगळ्या कड्यांची मिळून ती झीज. टायमिंगला तिच्यातला फक्त ओढीच्या बाजूचा हिस्सा भोवत होता.

टेन्शनर परत बसवण्याआधी त्याचा दट्ट्या पूर्ण मागे घ्यावा लागतो, कारण तो जुन्या लांब साखळीच्या हिशेबाने पुढे आलेला असतो. तसाच बसवला तर नवी साखळी जास्त ताणली जाते. मग हाताने क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या, घाई न करता. कुठे अडखळलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही. अडखळणं म्हणजे पिस्टन व्हॉल्व्हला टेकला असू शकतो. अडखळलं नाही तर आणखी दोन. खाच रेघेसमोर, काटा शून्यापाशी, डायल गेज असेल तर २ मिलिमीटरला साडेअकराच्या आसपास. ते जुळलं की पंपाची वेळ पुन्हा तपासायची, कारण जुन्या साखळीच्या मापाने लावलेली वेळ आता पुढे गेलेली असणार. टॅपेट कव्हरला गॅस्केट नवीनच लावावं. जुनं पुन्हा बसवलं की गळतं.